तुरुंगाचं फाटक छातीवर: ब्रिटनच्या मताधिकार चळवळीचे दागिने

सराफाच्या काट्यावर ठेवला तर हॉलोवे ब्रोच म्हणजे थोडीशी चांदी आणि त्यावर मीनाकाम. मोडीत घातला तर हाती फारसं काही लागायचं नाही. तरीही ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत याहून मानाचे डाग दोन-तीनच असतील, कारण हा ब्रोच पैसे देऊन घेता येत नव्हता. मतासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या बाईलाच तो मिळे.

१९०३ साली एमेलिन पँकहर्स्ट यांनी मँचेस्टरमध्ये विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन ही संघटना काढली. अर्ज-विनंत्यांनी काही होत नाही म्हटल्यावर मोर्चे, धरपकड आणि तुरुंग हे नेहमीचंच झालं. लंडनमध्ये बायकांना हॉलोवे तुरुंगात ठेवत, त्यावरून ब्रोचचं नाव पडलं. त्याची रचना केली एमेलिन यांची मुलगी सिल्व्हिया हिने. ती शिकलेली चित्रकार होती आणि स्वतः तुरुंगात जाऊन आलेली. ब्रोचवर पार्लमेंटची खूण असलेलं सळ्यांचं फाटक आहे, दोन्ही बाजूंना साखळ्या लोंबतात आणि मधोमध जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगाचा बाण आहे. हा बाण म्हणजे कैद्यांच्या कपड्यांवर मारायची सरकारी खूण. ज्या शिक्क्याने माणसाची अब्रू जावी, तोच या बायकांनी छातीवर लावला. एप्रिल १९०९ मध्ये अल्बर्ट हॉलमधल्या सभेत हे ब्रोच पहिल्यांदा दिले गेले. संघटनेच्या मुखपत्राने त्याची तुलना थेट व्हिक्टोरिया क्रॉसशी केली.

त्याच वर्षी जुलैत मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी तुरुंगात अन्न सोडलं आणि ९१ तासांनी सरकारने त्यांना सोडून दिलं. मग इतरांनीही तोच मार्ग धरला. ऑगस्टपासून संघटना उपोषण करणाऱ्यांना चांदीचं पदक देऊ लागली. तिरंगी फीत, खाली गोल चकती आणि त्यावर त्या बाईचं नाव कोरलेलं. सप्टेंबरपासून सरकारने नाकातोंडात नळी घालून जबरदस्तीने अन्न भरायला सुरुवात केली. ज्यांनी तेही सोसलं त्यांच्या पदकावर मीनाकामाची रंगीत पट्टी चढायची. कोणी काय भोगलं ते पदकावरच वाचता येतं.

आता उलटा प्रकार. महाराजा रणजितसिंहांची नात राजकन्या सोफिया दुलीपसिंह लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टला राहायची. मत नाही तर करही नाही, असं म्हणून तिने घोडागाडी, कुत्री वगैरेंचे परवाने काढायचं आणि दंड भरायचं नाकारलं. सरकारने वसुलीसाठी तिचे दागिनेच उचलले. १९११ मध्ये हिऱ्यांची अंगठी गेली, पुढे मोत्यांचा हारही गेला. लिलावात मैत्रिणींनी बोली लावून ते घेतले आणि तिला परत केले. सरकारचे पैसे वसूल झाले खरे, पण दागिना घरी आला आणि प्रसिद्धी मिळाली ती वेगळी.

१९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या आणि ठरावीक मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. तिकडे अमेरिकेत ॲलिस पॉल यांच्या नॅशनल विमन्स पार्टीने हॉलोवेचीच कल्पना उचलली. व्हाइट हाउससमोर निदर्शनं करून तुरुंगात गेलेल्या बायकांना १९१७ च्या डिसेंबरमध्ये कोठडीच्या दाराची चांदीची पिन दिली. त्या दाराला बदामाच्या आकाराचं कुलूप आहे.

जुन्या दागिन्यांच्या बाजारात मात्र घोटाळा फार. जांभळा ॲमेथिस्ट, पांढरा मोती आणि हिरवा खडा एकत्र दिसले की विक्रेता लगेच 'मताधिकार चळवळीतला दागिना' म्हणून भाव चढवतो. इंग्रजीत हिरवा, पांढरा, जांभळा यांची आद्याक्षरं जुळवून 'बायकांना मत द्या' असा अर्थ निघतो, अशी गोष्टही सोबत ऐकवतात. पण १९०८ मध्ये हे रंग ठरवणाऱ्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी दिलेला अर्थ वेगळा होता: जांभळा स्वाभिमानाचा, पांढरा शुद्धतेचा, हिरवा आशेचा. शिवाय त्या रंगांचे खडे तेव्हा तसेही फॅशनमध्ये होते. चळवळीसाठी म्हणून विकलेले दागिने नव्हते असं नाही. मॅपिन अँड वेब या नामांकित पेढीने १९०८ च्या नाताळात त्यांची यादी काढली होती. पण नुसत्या रंगावरून काही सिद्ध होत नाही. डाग उलटा करून मागे घडवणाऱ्याचा शिक्का, कोरलेलं नाव, तारीख आहे का ते आधी बघावं लागतं.