‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला ह्यूगो पुरस्कार मिळायला हवा होता का?

ऑगस्ट २०१५. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात विज्ञानकथाप्रेमींचं ‘वर्ल्डकॉन’ संमेलन भरलं होतं. तिथे दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांतली सर्वोत्कृष्ट कादंबरी थेट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून जाहीर झाली: चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’. अनुवादित कादंबरीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. लेखक आले नव्हते, पुरस्कार अनुवादक केन लिऊ यांनी स्वीकारला.

मग वाद कशावरून?

ह्यूगोला परीक्षक मंडळ नसतं. वर्ल्डकॉनची वर्गणी भरणारे सदस्यच नामांकन देतात आणि मतही. त्या वर्षी ‘सॅड पपीज’ आणि ‘रॅबिड पपीज’ या दोन गटांनी ठरवून एकगठ्ठा नामांकनं केली. ही कादंबरी तर सुरुवातीला अंतिम पाचांत नव्हतीच! गटांच्या यादीतलं आपलं नाव पाहून मार्को क्लूस या लेखकाने माघार घेतली, तेव्हा जागा रिकामी झाली. चिडलेल्या मतदारांनी पाच विभागांत ‘कुणालाच पुरस्कार नको’ असा कौल दिला. पुढे ‘रॅबिड पपीज’च्या म्होरक्यानेही याच कादंबरीला पहिली पसंती दिली. त्यामुळे ‘द गॉब्लिन एम्परर’च्या चाहत्यांना हा निकाल आजही खुपतो.

पण मतांचं राजकारण हा पुस्तकाचा दोष नव्हे. पुस्तकाचे दोष वेगळे आहेत. नायक वांग मियाओ जवळजवळ कोरा आहे, गोष्ट पुढे सरकवण्यापुरता. विज्ञानही ताणलेलं. कथेतले परग्रहवासी आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरीचे, तीन सूर्यांच्या गोंधळात सापडलेले. प्रत्यक्षात तिथले दोन तारे साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, इतका लांब आहे की त्याच्या एका फेरीला पाच लाखांहून अधिक वर्षं लागतात. म्हणजे असा गोंधळ तिथे होत नाही.

तरीही आमच्या मते पुरस्कार योग्यच, आणि तो ये वेनजिएमुळे. (इथून थोडा स्पॉयलर.) सांस्कृतिक क्रांतीत वडिलांना जमावाने मारताना पाहिलेली ही शास्त्रज्ञ पुढे परग्रहवासीयांना स्वतःहून पृथ्वीवर बोलावते. एरवी अशा कथांत परके आपणहून चाल करून येतात. इथे माणूसच माणसाला कंटाळून दार उघडतो, आणि तिचा निर्णय चुकीचा वाटत असूनही समजतो. चिनी पुस्तकात क्रांतीचा हा भाग मध्यावर होता, इंग्रजी अनुवादात तो सुरुवातीला आला. त्याने कादंबरीचं वजनच बदललं.

त्याच वर्षीचा नेब्युला, जो लेखक मंडळी देतात, जेफ वँडरमीर यांच्या ‘अ‍ॅनायहिलेशन’ला गेला. भाषा आणि वातावरण पाहिलं तर ती कादंबरी सरस आहे, हेही खरं.

२०२४ची नेटफ्लिक्स मालिका पाहून पुस्तकाचा अंदाज बांधू नका. तिथे वांग मियाओ नाहीच, त्याची कामगिरी ऑक्सफर्डच्या मित्रमंडळीत वाटून टाकली आहे. कादंबरीची सर्वात कच्ची बाजू मालिकावाल्यांनाही बरोबर सापडली म्हणायची.