मूत्रपिंड रोहिणीची अरुंदता

मूत्रपिंडाला (वृक्काला) रक्त पुरवणारी रोहिणी आतून अरुंद होण्याच्या विकारास मूत्रपिंड रोहिणीची अरुंदता असे म्हणतात. हा विकार एका किंवा दोन्ही बाजूंना होऊ शकतो. उच्च रक्तदाबाच्या दुय्यम, म्हणजेच शोधून काढता येण्याजोग्या, कारणांमध्ये त्याची गणना होते.

कारणे
उतारवयात रोहिणीच्या भित्तीत मेदाचे थर साचणे (ॲथेरोस्क्लेरोसिस) हे याचे प्रमुख कारण होय. धूम्रपान, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे हा धोका वाढतो. तरुण व मध्यमवयीन स्त्रियांमध्ये भित्तीतील तंतू व स्नायू यांची अनियमित वाढ कारणीभूत असू शकते. भारतात बालके व तरुण यांच्यात ताकायासू रोहिणीशोथ हे महत्त्वाचे कारण आहे. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये या रोगाचे वर्णन केले होते.

यंत्रणा
रक्तपुरवठा घटला की मूत्रपिंड 'रेनिन' स्रवते. त्यापासून सुरू होणाऱ्या क्रियेत अँजिओटेन्सिन-२ तयार होते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, शरीरात मीठ व पाणी साठते आणि संपूर्ण शरीराचा रक्तदाब वाढतो. रेनिनचा शोध १८९८ मध्ये रॉबर्ट टायगरस्टेट व पेर बर्गमन यांनी लावला. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंड रोहिणीवर चिमटा बसवून रक्तदाब वाढतो, हे दाखवून दिले.

लक्षणे व निदान
अनेकदा कोणतेही लक्षण जाणवत नाही. तिशीच्या आत किंवा पंचावन्न वर्षांनंतर एकाएकी उद्भवलेला तीव्र रक्तदाब, तीन औषधे घेऊनही तो आटोक्यात न येणे, फुफ्फुसात वारंवार पाणी साचणे, पोटावर स्टेथोस्कोपने विशिष्ट घरघर ऐकू येणे या खुणा संशय निर्माण करतात. डॉप्लर सोनोग्राफी, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने निदान होते.

उपचार
औषधे, मीठ कमी करणे व धूम्रपान सोडणे हा उपचारांचा पाया आहे. एसीई प्रतिबंधक व तत्सम गोळ्या उपयुक्त असल्या, तरी दोन्ही रोहिण्या अरुंद असल्यास किंवा एकच मूत्रपिंड कार्यरत असल्यास त्यांनी मूत्रपिंडाचे कार्य अचानक खालावू शकते. म्हणून गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची तपासणी आवश्यक असते.

आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७८ मध्ये फुग्याने रोहिणी रुंद करण्याचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. मात्र मेदजन्य अरुंदतेत स्टेंट बसवल्याने केवळ औषधोपचारापेक्षा विशेष लाभ होत नाही, असे 'ॲस्ट्रल' (२००९) व 'कोरल' (२०१४) या चाचण्यांत आढळले. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, झपाट्याने ढासळणारे मूत्रपिंड किंवा फुफ्फुसात वारंवार साचणारे पाणी अशा निवडक रुग्णांत स्टेंटचा विचार होतो. तंतू-स्नायूंच्या अनियमित वाढीत फुग्याचा उपचार अधिक गुणकारी ठरतो; ताकायासू रोगात आधी दाह शमवावा लागतो.

ग्रामीण भागातील महत्त्व
पुसदसारख्या तालुक्याच्या ठिकाणी निदानाचा आरंभ रक्तदाब मोजण्यापासूनच होतो. तरुणाचा रक्तदाब 'ताणामुळे वाढला' असे समजून सोडून दिल्यास मूत्रपिंड हळूहळू आकसते व झालेली हानी बहुधा भरून येत नाही. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय केंद्र आहे.

हेही पाहा: उच्च रक्तदाब, मूत्रपिंड, रेनिन