माहिती-साक्षरता : जुनी विद्या आणि आजचा संशोधक विद्यार्थी

‘माहिती-साक्षरता’ ही संज्ञा फार जुनी नाही. अमेरिकेतील माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोवस्की यांनी १९७४ साली तेथील ग्रंथालयविषयक राष्ट्रीय आयोगाला सादर केलेल्या प्रस्तावात ती प्रथम वापरली. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये युनेस्को व आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघ यांच्या पुढाकाराने अलेक्झांड्रिया येथे भरलेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यात तिला आजन्म शिक्षणाचा पाया मानण्यात आले. आपल्याला कोणती माहिती हवी आहे हे ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि प्रामाणिकपणे वापरणे, असा या संज्ञेचा थोडक्यात अर्थ सांगता येईल. आपल्या महाविद्यालयांतून मात्र तिचा अर्थ बहुधा संगणक चालविता येणे एवढाच घेतला जातो. शोधण्याचे शिक्षण मिळते, पारखण्याचे मिळत नाही. ही पारख आपल्या विद्यापरंपरेत फार पूर्वीपासून होती आणि दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

इस्नाद आणि इब्न खल्दून

हदीसशास्त्रात प्रत्येक कथनाचे दोन भाग मानले जातात : ‘मतन’ म्हणजे मजकूर आणि ‘इस्नाद’ म्हणजे तो कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असला तरी साखळीतील प्रत्येक रावी कोण होता, कोठे राहत होता, त्याची स्मरणशक्ती व सचोटी कशी होती, हे तपासले जाई. त्यासाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ हे चरित्रकोशांचे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांना दोन रावींची प्रत्यक्ष भेट झाल्याचा पुरावा लागे. इमाम मुस्लिम (मृत्यू इ. स. ८७५) यांच्या मते ते समकालीन असणे व त्यांची भेट शक्य असणे पुरेसे होते. पुरावा किती असला म्हणजे पुरे, याविषयी दोन थोर विद्वानांत झालेला हा मतभेद आजच्या संशोधन-पद्धतीच्या वर्गातही शिकविण्याजोगा आहे.

इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. हजरत मूसा यांच्या सैन्यात सहा लाख किंवा त्याहून अधिक लढवय्ये होते, असे मसूदी व इतर इतिहासकार लिहून गेले होते. इब्न खल्दून यांनी विचारले की, याकूब ते मूसा यांच्यात जेमतेम चार पिढ्यांचे अंतर असता एवढी प्रजा कशी वाढली? एवढे सैन्य रणांगणावर उभे तरी कसे राहिले? सांगणारा मोठा आहे एवढ्यावर न थांबता सांगितलेली गोष्ट घडणे शक्य होते का, हे पाहण्याची ही रीत होय.

तेरा वर्षांची चूक

आता आपल्याकडील कागदांकडे वळू. मराठेशाहीतील पत्रांवर व सनदांवर पुष्कळदा ‘शुहूर सन’ असतो. हा सन इ. स. १३४४ मध्ये, हिजरी ७४५ चालू असताना, दख्खनमध्ये सुरू झाला. त्याचे आकडे हिजरीवरूनच घेतले गेले. परंतु हिजरी वर्ष चांद्र, तर शुहूर वर्ष सौर असून ते सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर सुरू होते. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने दर तेहतीस वर्षांच्या आसपास दोहोंत एका वर्षाचे अंतर पडत गेले. शिवाय शुहूर सन अंकांत नव्हे, तर अरबी शब्दांत लिहिला जाई आणि त्यात एकं प्रथम येई.

एक उदाहरण घेऊ. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या दिवशी हिजरी सन ११७४ होता, शालिवाहन शक १६८२ होता आणि शुहूर सन होता ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला शुहूर सनात ५९९ व जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याने अरबी शब्द पाहून ११६१ हा आकडा हिजरी मानला, तर त्याला १७४८ हे वर्ष मिळेल. त्या वर्षी छत्रपती शाहू हयात होते. पानिपतच्या धामधुमीत एखाद्या दर्ग्याला दिलेली इनामाची सनद अशा वाचनात तेरा वर्षे मागे जाईल, देणाऱ्याचे नाव बदलेल आणि तिच्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकेल. वतने, इनामे व धर्मस्थळे यांचा इतिहास आजही समाजात वादाचा विषय होतो. अशा वेळी चुकीची तारीख केवळ परीक्षेतील गुण घालवून थांबत नाही.

साधने आणि त्यांची मर्यादा

आज साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाली आहेत. इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ भांडारात देशभरातील प्रबंध घरबसल्या वाचता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधांची साम्य-तपासणीही होते. परंतु हे तंत्र शब्दांचे साम्य दाखविते, विधानाचा खरेपणा नाही. चुकीची तारीख स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर ती या चाळणीतून सहज निसटते. प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी नवी संगणक-साधने तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ देतात. तेथे इस्नाद तुटलेली असते, पण मजकूर मात्र सफाईदार असतो.

आमच्या विद्यार्थ्यांच्या जमेची एक बाजू येथे नमूद केली पाहिजे. उर्दू शाळेत शिकलेल्या व मदरशात थोडीफार अरबी वाचलेल्या मुलाला ‘सलास’, ‘अर्बा’, ‘खमस’ हे शब्द परके वाटत नाहीत. त्याला मोडी लिपीची जोड मिळाली, तर पुण्याचे पेशवे दफ्तर आणि हैदराबादच्या अभिलेखागारातील शाहजहान-औरंगजेबकालीन फारसी कागद हे दोन्ही त्याला खुले होतात. सेतुमाधवराव पगडी यांनी भीमसेन सक्सेना यांची ‘तारीख-ए-दिलकुशा’ मराठीत आणली, ती अशाच बहुभाषिक तयारीच्या बळावर.

समारोप

माहिती-साक्षरतेचे शिक्षण ग्रंथपालांवर सोपवून अध्यापकांना मोकळे होता येणार नाही. पदव्युत्तर वर्गात प्रत्येक निबंधातील निदान एका विधानाची साखळी विद्यार्थ्याने लिहून द्यावी : हे कोणी सांगितले, त्याला कसे कळले, मूळ कागद कोठे आहे आणि त्यावरील सन कोणता. एका सत्रात एक जंत्री हाताळणे व मोडीची दहा पत्रे वाचणे सक्तीचे करावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. शिकविणाऱ्याची चिकाटी लागते. आपल्या पूर्वसूरींनी हजार वर्षांपूर्वी जी शिस्त धर्मकथनांसाठी घालून दिली, ती आपण आपल्याच गावच्या इतिहासासाठी पाळली, तर उद्याच्या वादात आपल्या मुलांच्या हाती तपासलेला कागद असेल.