फिल्मचा डोळा आणि मर्ल ओबेरॉनचा रंग

जुन्या हॉलिवूडपटांचे शौकीन मुंबई-पुण्यातच असतात, असा एक समज आहे. आमच्या जालना जिल्ह्यात तरी तो टिकत नाही. निवृत्त शिक्षकांच्या एखाद्या बैठकीत चहा येईपर्यंत क्लार्क गेबलच्या मिशा, चॅप्लिनची काठी आणि इन्ग्रिड बर्गमनचे डोळे यांवर बोलून झालेले असते. अशाच एका बैठकीत ‘वदरिंग हाइट्स’ या १९३९च्या चित्रपटाचा विषय निघाला. एक सर म्हणाले, “काय गोरीपान नटी होती हो!” दुसऱ्यांनी लगेच अडवले, “कसली गोरी? अहो, ती आपल्या मुंबईची. चांगली सावळी होती म्हणतात.” वाद रंगला आणि अर्थातच मिटला नाही.

गंमत अशी, की दोघांचेही बरोबर होते. ती मुंबईची होती आणि पडद्यावर ती गोरीपानच दिसते. या दोन विधानांच्या मधल्या फटीत थोडे रसायनशास्त्र, थोडे प्रकाशविज्ञान आणि बराचसा इतिहास दडला आहे.

ही नटी म्हणजे मर्ल ओबेरॉन. तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. घरात तिला क्वीनी म्हणत. जिला ती आई समजत होती ती शार्लट सेल्बी ही मूळची सिलोनची, मिश्र वंशाची बाई. ती प्रत्यक्षात मर्लची आजी होती, हे पुढे जन्माच्या दाखल्यावरून उघड झाले. मर्लचे शिक्षण कलकत्त्यात झाले. १९२८च्या सुमारास ती युरोपात गेली. तिथे अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने तिला हेरले आणि १९३३च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये छोटी, पण लक्षात राहणारी भूमिका दिली. प्रसिद्धीसाठी तिचे जन्मस्थान बदलून ऑस्ट्रेलियाजवळचे टास्मानिया बेट करण्यात आले. इतके दूरचे ठिकाण, की चौकशीला कोण जाणार! १९३५च्या ‘द डार्क एंजल’मधील इंग्रज तरुणीच्या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. २०२३मध्ये मिशेल यो यांनी ते पारितोषिक जिंकले, तेव्हा या वर्गात नामांकन मिळालेली पहिली आशियाई वंशाची अभिनेत्री कोण, असा प्रश्न निघाला. उत्तर मर्ल ओबेरॉन असेच द्यावे लागते. पण १९३६च्या त्या समारंभात हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होऊ नये याची तिने पुरती काळजी घेतली होती.

हा निव्वळ नटीचा नखरा नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला होता, की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही. हे दार १९४६च्या कायद्यानंतरच उघडले. हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता १९३४पासून कडकपणे लागू झाली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींमधील प्रणय दाखवण्यास तीत मनाई होती, आणि स्टुडिओ व्यवहारात तोच नियम आशियाई नटनट्यांनाही लावत. म्हणजे मर्लचा जन्मदाखला बाहेर आला असता, तर नायकासमोर नायिका म्हणून उभे राहणेच अवघड झाले असते. तिची सगळी उपजीविका एका प्रश्नावर उभी होती : कॅमेऱ्याला आपण कशा दिसतो?

आता कॅमेऱ्याकडे, म्हणजे खरे तर फिल्मकडे वळू. फिल्मवरचा मुख्य पदार्थ म्हणजे चांदीचे क्षार. हे क्षार उपजत फक्त निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देतात. १८७३मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळले, की क्षारांत योग्य रंजकद्रव्य मिसळल्यास त्यांना हिरवा प्रकाशही ‘दिसू’ लागतो. अशा फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट याच फिल्मवर निघाले. तिला तांबडा रंग मात्र अजिबात दिसत नसे. (म्हणूनच ती तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येई.) परिणाम चमत्कारिक होत. लाल ओठ काळेकुट्ट येत, निळे डोळे पांढुरके भुतासारखे येत, आणि गालांवरची लाली काळवंडून दिसे. त्या काळच्या नटनट्यांचे चेहरे चुन्याने रंगवल्यासारखे का दिसतात, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे कारण त्या फिल्मचे हे अर्धे आंधळेपण.

आपल्या त्वचेत रंग आणणारे मेलॅनिन हे द्रव्य निळा प्रकाश पुष्कळ शोषते आणि तांबडा त्यामानाने बराच कमी. तरंगलांबी वाढत जाईल तसे शोषण घटत जाते. रक्तातील हिमोग्लोबिनही निळा-हिरवा प्रकाश भरपूर शोषते, तांबडा फारसा नाही. याचा अर्थ असा, की केवळ निळा-हिरवा पाहणाऱ्या फिल्मला सावळा माणूस आपल्या डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक काळा दिसणार, आणि तांबडा प्रकाश पाहू शकणाऱ्या फिल्मला तोच माणूस उजळ दिसणार.

वर्गात हे सहज दाखवता येते. दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतात तो निळा आणि तांबडा जिलेटीनचा कागद आणावा. प्रत्येकाने आपलाच हात आधी निळ्या कागदातून पाहावा, मग तांबड्यातून. निळ्यातून तीळ, वांगाचे डाग, मुरमांच्या खुणा ठळक होतात; तांबड्यातून त्या पुसट होतात आणि कातडी नितळ, उजळ वाटते. कागद बाजारू असल्याने निकाल पाठ्यपुस्तकासारखा चोख येणार नाही, पण फरक नक्की कळेल.

तांबडा प्रकाशही दिसणारी, म्हणजे पँक्रोमॅटिक, फिल्म १९२०च्या दशकाच्या अखेरीस सर्रास वापरात आली. त्याच सुमारास बोलपट आले. कार्बन-आर्कचे दिवे चरचरत आणि ध्वनिमुद्रणात अडथळा आणत, म्हणून स्टुडिओंत टंगस्टनचे दिवे शिरले. आर्कच्या प्रकाशात निळ्या-जांभळ्याचा भरणा, तर टंगस्टनच्या प्रकाशात तांबड्याचा. तांबडे पाहणारी फिल्म आणि तांबडे फेकणारा दिवा अशी जोडी जमली. मर्ल ओबेरॉन पडद्यावर आली ती नेमकी यानंतर. दहा-बारा वर्षे आधी आली असती तर तिच्या रंगाने तिचे गुपित फोडले असते, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, पण वर्णपटाच्या आधाराने केलेला आहे.

अर्थात फिल्म एकटी काही करत नाही. कृष्णधवल चित्रातली करडी छटा कधीच निरपेक्ष नसते. चेहऱ्यावर किती प्रकाश टाकला, मागचा पडदा किती गडद ठेवला, प्रत काढताना किती उजळ काढली, यावर ती ठरते. काळ्या मखमलीपुढे उभा केलेला गहू-वर्णी चेहरा चांदण्यासारखा दिसू शकतो. ‘वदरिंग हाइट्स’च्या छायाचित्रणासाठी ग्रेग टोलंड यांना ऑस्कर मिळाले. या चित्रपटात आणखी एक विपरीत योग आहे. कथेतला हीथक्लिफ हा काळासावळा, कोठून आला हे ठाऊक नसलेला अनाथ मुलगा, आणि कॅथी गोऱ्या घरंदाज इंग्रजाची मुलगी. पडद्यावर हीथक्लिफ झाला अस्सल इंग्रज लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि कॅथी झाली मुंबईची क्वीनी! प्रेक्षकांना काहीच खटकले नाही.

१९३७मध्ये लंडनमध्ये मर्लच्या मोटारीला अपघात झाला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे १९४०च्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांमुळे आणि सल्फा औषधांच्या प्रतिक्रियेमुळे त्वचा आणखी बिघडली, असे तिचे चरित्रकार सांगतात. १९४४च्या ‘द लॉजर’ चित्रपटाच्या वेळी छायाचित्रकार ल्यूशियन बॅलार्ड यांनी यावर तोडगा काढला. कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लगटून त्यांनी एक लहान दिवा बसवला. व्रण जणू नाहीसे झाले. पुढल्या वर्षी दोघांनी लग्न केले. लग्न चार वर्षे टिकले. दिवा मात्र टिकला. तिच्या नावावरून त्याला आजही ‘ओबी’ म्हणतात.

यातले भौतिकशास्त्र आपल्याकडच्या रस्त्यांवर रोज शिकायला मिळते. रात्री बदनापूरहून आत एखाद्या वस्तीकडे पायी जाताना विजेरी डोळ्यांजवळ धरली, तर वाट सपाट भासते आणि पाय खड्ड्यात जातो. तीच विजेरी गुडघ्याखाली धरली की प्रत्येक खड्डा सावलीनिशी उठून दिसतो. खळगा आपल्याला जाणवतो तो त्याच्या सावलीमुळे. प्रकाश आणि नजर एकाच रेषेत असले की सावली वस्तूच्या बरोबर मागे पडते आणि नजरेआड राहते. पौर्णिमेच्या चंद्रावर विवरे स्पष्ट दिसत नाहीत आणि अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर ती कोरल्यासारखी दिसतात, त्याचेही कारण हेच. बॅलार्ड यांनी मर्लच्या चेहऱ्याची पौर्णिमा केली, इतकेच.

रंगीत चित्रपटांचा टेक्निकलर जमाना आला, तेव्हा सेल्युलॉइडला रंग लपवणे सोपे राहिले नाही. मर्लचा पहिला टेक्निकलर चित्रपट १९३८चा ‘द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स’. त्याच वर्षी मॅक्स फॅक्टर कंपनीने टेक्निकलरसाठी बनवलेला ‘पॅनकेक’ बाजारात आणला. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण पोरांच्या तोंडाला जो पॅनकेक फासतो, त्याचे कूळ हे. रंगीत फिल्मच्या रसायनातही चेहऱ्याचा एक विशिष्ट रंग गृहीत धरलेला होता. कोडॅक कंपनी छपाईची तुलना करण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-चित्र पुरवत असे. त्यात कित्येक दशके एक गोरी तरुणी असे. त्या चित्रांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे असलेली कार्डे १९९०च्या दशकात आली. आपल्या जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये घरातली सावळी माणसे काजळी धरल्यासारखी का दिसतात, याच्या कारणांत हेही एक धरावे लागेल. दोष स्टुडिओवाल्याच्या माथी मारून आपण मोकळे झालो होतो.

शार्लट सेल्बी मर्लबरोबर इंग्लंडमध्ये राहत असे. पाहुणे आले की ती घरातली मोलकरीण आहे असे सांगितले जाई, असे चरित्रांत वाचायला मिळते. १९३७मध्ये ती वारली. त्यानंतर बारा वर्षांनी मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिची चित्रे रंगवून घेतली आणि चित्रकाराला सांगितले, की आईचा रंग उजळ काढा. इथे ना फिल्म होती ना दिवा, ना स्टुडिओचा आग्रह. चित्र घरातच लागायचे होते.

१९७८मध्ये टास्मानियातील होबार्ट शहराने ‘आपली कन्या’ म्हणून मर्लचा सत्कार केला. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, तिचे निधन झाले. मुंबईची हकीकत चारचौघांत आली ती १९८३मध्ये तिचे चरित्र प्रसिद्ध झाल्यावर. टास्मानियात मात्र ती आपल्याच बेटावर जन्मली असे ठामपणे सांगणारी माणसे त्यानंतरही होती. त्यांच्यावर २००२मध्ये एक माहितीपटही निघाला.