पोटगीची थकबाकी आणि अपत्याची सज्ञानता

‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ या शब्दापासून साधलेला आहे हे उघड आहे, आणि पोटाची गरज नेहमी आजची असते. ‘थकबाकी’ हा शब्द महसुली दप्तरातला. त्यात मराठी ‘थकणे’ आणि अरबी ‘बाकी’ यांचा जोड झालेला असून त्याची दृष्टी मागील देण्याकडे असते. अपत्य सज्ञान होते त्या सुमारास हे दोन शब्द परस्परांसमोर उभे राहतात. मूल आता मोठे झाले, मग पोटगी कसली, असा पित्याचा युक्तिवाद. आणि मूल लहान असताना जे दिले गेले नाही त्याचे काय, असा मातेचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर कायद्याने कसकसे दिले, हे पाहणे उद्बोधक आहे.

पत्नी व अपत्य यांच्या पोषणाची तरतूद १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रथम आली. १८९८ च्या संहितेत तीच कलम ४८८ म्हणून प्रसिद्ध झाली. दरमहा ५० रुपयांची मूळ मर्यादा १९२३ साली १०० आणि १९५५ साली ५०० रुपये झाली. निराधारांनी भटकंतीस लागू नये एवढाच या कलमाचा मर्यादित हेतू होता, आणि म्हणूनच ते दिवाणी कायद्यात न जाता फौजदारी संहितेत बसले. त्यात ‘स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ अपत्य’ असे शब्द होते. वयाचा उल्लेख नव्हता. वयाची अट १९७३ च्या संहितेतील कलम १२५ ने आणली (अंमल १ एप्रिल १९७४). तेव्हापासून, शारीरिक वा मानसिक व्यंगाचा अपवाद सोडता, हा हक्क अज्ञान अपत्यापुरता राहिला.

‘अज्ञान’ ही संज्ञाही विचारार्ह आहे. धर्मशास्त्रात अल्पवयीनास ‘अप्राप्तव्यवहार’ म्हणत, म्हणजे ज्याला व्यवहाराचा अधिकार अद्याप प्राप्त झालेला नाही असा. पश्चिम भारतात ही अवस्था सोळावे वर्ष पूर्ण होईतो मानली जाई. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने ती सीमा अठरावर नेली. सातबारा उताऱ्यावरील ‘अ. पा. क.’ या अक्षरांत हीच अज्ञानता अजून टिकून आहे. मात्र जुन्या संज्ञेत अधिकाराचा अभाव होता, नव्या संज्ञेत जणू जाणिवेचाच. दुसरी निवड फारशी सुदैवी म्हणता येत नाही.

अठरावे वर्ष पूर्ण होताच नवा हप्ता थांबतो. साचलेला हप्ता मात्र अपत्याच्या वाढत्या वयाने फिटत नाही. प्रश्न उरतो तो वसुलीच्या मुदतीचा. हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज न केल्यास त्यासाठी वॉरंट निघत नाही. ही अट कलम ४८८ मध्ये होती, १२५ मध्ये राहिली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. प्रत्येक हप्त्याची मुदत स्वतंत्रपणे धावते. परिणामी, आधी अर्जच केलेला नसेल तर अठराव्या वाढदिवशी मागील बारा महिन्यांचेच हप्ते वॉरंटच्या आवाक्यात उरतात, आणि एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत तेही बहुतेक निसटतात. अर्ज वेळेत दाखल झालेला असेल तर गोष्ट वेगळी. त्यानंतर साचलेली रक्कमही त्याच कार्यवाहीत मागता येते, आणि वर्षाची अट हा वसुलीच्या रीतीवरील निर्बंध आहे, मूळ हक्काचा लोप नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले. तुरुंगवासाने देणे फिटत नाही, हे त्याआधीच ठरलेले होते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले. निकालास चार वर्षे लागली, तर अंतरिम हप्ते दिले गेले नसल्यास आदेश निघतो तोच चार वर्षांच्या थकबाकीसह. अविवाहित हिंदू कन्येला मात्र १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याच्या कलम २० चा स्वतंत्र आधार सज्ञानतेनंतरही राहतो. फक्त तिला दिवाणी मार्ग धरावा लागतो.

मुदत वर्षाची असली म्हणजे न्यायालयाचे अंतरही मोजावे लागते. मीरा-भाईंदर हा एके काळी मिठागरांचा आणि खाडीकाठच्या गावांचा प्रदेश. १९८५ साली तेथे नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली. या काळात मुंबईच्या उपनगरांतून स्वस्त घरांच्या शोधात असंख्य कुटुंबे तेथे आली. पत्नी जेथे राहते तेथेही अर्ज करण्याची मुभा १९७३ च्या संहितेने दिली होती. पण तेथे न्यायालयच नव्हते. अर्ज, तारीख, वॉरंट या प्रत्येक पायरीस ठाणे गाठावे लागे, आणि पाचशे रुपयांच्या हप्त्यासाठी नोकरीचा एक दिवस खर्ची पडे. हप्ते सोडून देण्यामागे बेफिकिरीपेक्षा हा हिशेबच अधिक असावा. केंद्रीय कायद्याने पाचशेची मर्यादा काढली ती २००१ साली, आणि मीरा रोड येथे दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाले ते मार्च २०२५ मध्ये.

पोटगीचे वॉरंट दंडवसुलीच्या रीतीने बजावले जाते, आणि त्या रीतीत ते जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवून रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचीही सोय आहे. महसुलातून आलेला शब्द येथे पुन्हा महसुलाकडे जातो. देणेकऱ्याची मालमत्ता याच जिल्ह्यात असेल, तर तो कागद आजही मीरा रोडहून ठाण्यासच जातो.