नाममुद्रा, चाल आणि दावा

तुकोबांच्या चरित्रपरंपरेत सालोमालोची कथा येते. तो तुकोबांचे अभंग गाई आणि शेवटच्या चरणातील ‘तुका म्हणे’ काढून तेथे स्वतःचे नाव घाली. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली. तिच्यातील तक्रारीचे स्वरूप मात्र आपण नीट पाहिलेले नाही. अभंग दुसऱ्याने गायला, ही ती तक्रार नव्हे. रचणाऱ्याचे नाव पुसले गेले, ही ती तक्रार आहे. नाममुद्रेत कर्तृत्वाची नोंद आहे, मालकीची नाही. ज्याला गावेसे वाटेल त्याने गावे, नाव तेवढे राखावे, असा तो अलिखित करार होता. मराठी संतकाव्य शतकानुशतके याच करारावर जगले.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद घ्या. अशा गावातले एखादे भजनी मंडळ एकादशीला देवळात बसते. पेटी, पखवाज, टाळ, आणि मोबाइल धरून बसलेला कोणाचा तरी मुलगा. रात्री ते चित्रण यूट्यूबवर चढते आणि काही वेळातच सूचना येते की या चित्रणातील संगीतावर अमुक कंपनीने दावा केला आहे. मंडळींना प्रश्न पडतो: अभंग तुकोबांचा, गळा आपला, मग कंपनीचे यात काय?

प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याचे उत्तर सोपे नाही. कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. चालीचे तसे नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे तिच्यावर स्वामित्वहक्क असतो. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली वारले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मोकळ्या झाल्या. श्रीनिवास खळे २०११ साली गेले. संतरचनांना त्यांनी दिलेल्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. म्हणजे तोच अभंग पारंपरिक चालीत गायला तर कोणाचेच देणे लागत नाही, आणि खळ्यांच्या चालीत गायला तर लागते. देवळातला गायक या दोन चालींत भेद करीत नाही. त्याने दोन्ही कानांनीच उचललेल्या असतात.

कायद्यालाही हा भेद एकदम उमगलेला नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क अधिनियमात संगीतकृतीची व्याख्या लिहिलेल्या वा छापलेल्या संगीतापुरती होती; केवळ कंठातून कंठात जाणारी चाल तीत बसत नव्हती. गायकाला तर स्थानच नव्हते. १९७७ साली चित्रपटसंगीताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून या उणिवेवर बोट ठेवले. अखेर १९९४च्या दुरुस्तीने लेखनाची अट गेली आणि सादरकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य झाला. हा हक्क व्यावसायिक गायकापुरता नाही. जो सादर करतो तो सादरकर्ता, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. हसनाबादचा भजनकरीही त्यात येतो.

त्याच अधिनियमाच्या ५२व्या कलमात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे. श्रोत्यांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी, हौशी मंडळाने केलेले सादरीकरण उल्लंघन ठरत नाही. १९५७ साली ही तरतूद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवाचा मांडव, गॅदरिंग, देऊळ अशीच दृश्ये असणार. पण सवलत सादरीकरणाला आहे. त्याचे चित्रण करून जगाला दाखवण्यास नाही. देवळात निर्दोष असलेले भजन मोबाइलमधून बाहेर पडताच वेगळ्या कलमांखाली येते. रीतसर परवाना घेऊन दुसऱ्याच्या चालीचे नवे ध्वनिमुद्रण करायचे, तर २०१२च्या दुरुस्तीनुसार दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरावे लागते. ठरावीक भाषा वा बोलीतील कृतींसाठी ही किमान संख्या कमी ठरवता येते. तरीही ही भाषा व्यापाऱ्याशी बोलण्याची आहे, भजनी मंडळाशी नव्हे.

न्यायनिवाडा आता बहुधा यंत्राकडे गेला आहे. यूट्यूबने २००७ साली ‘कंटेंट आयडी’ ही व्यवस्था आणली. हक्कधारक आपली ध्वनिमुद्रणे तिच्या स्वाधीन करतो, प्रत्येक नवे चित्रण त्यांच्याशी ताडून पाहिले जाते, आणि साम्य आढळल्यास ते रोखायचे की त्यावरील जाहिरातीचे उत्पन्न घ्यायचे हे हक्कधारक ठरवतो. चित्रण टाकणाऱ्याला हरकत घेता येते. तिला उत्तर द्यायला दावेदारास तीस दिवस मिळतात, आणि निकाल प्रथम दावेदारच देतो. यंत्राला साम्य कळते, उगम कळत नाही. कंपनीच्या मुद्रिकेतील चालच मुळात दिंडीतून आलेली असेल, तर वारसदार कोण आणि उसनवार कोण, हे ते कसे सांगणार?

दुसरी बाजूही विसरता येत नाही. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. सालोमालोची कथा सांगणाऱ्या चित्रपटातच हे घडावे, हा विलक्षण योग. रचनेला याहून मोठी पावती नाही. पण त्या पावतीत कवीचे नाव मात्र हरवले. लोकांनी आपलेसे केले म्हणून कवी-संगीतकाराचा हक्क संपतो, असे आम्ही म्हणणार नाही.

तेव्हा दावा असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. दावा करणाऱ्याने आधी कशावर दावा आहे ते सांगावे: शब्दांवर, चालीवर की ध्वनिमुद्रणावर. कायदा करणाऱ्यांनी १९५७ची सवलत देवळाच्या उंबरठ्यापाशी न थांबवता विनामोबदला चित्रणापर्यंत न्यावी. आणि गाणाऱ्यांनी चित्रणाखाली चाल कोणाची ते लिहावे. पारंपरिक असेल तर तसे लिहावे. त्याने आजचा दावा टळेलच असे नाही. पण जुन्या करारातली आपली बाजू तरी पाळली जाईल.