वर्षातून चार वेळा : जिनिव्हातलं प्रभुभोजन आणि एका आकड्याचा अर्थ

'नियमित उपासना' हे शब्द आपण प्रबंधात अगदी सहज लिहून टाकतो. पण नियमित म्हणजे किती वेळा? आणि तो आकडा ठरवला कोणी? या प्रश्नासाठी प्रभुभोजनाचं उदाहरण घेऊ. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा हा विधी. कॅथलिक लोक त्याला कम्युनियन म्हणतात.

१२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की, कळत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, पापकबुली देऊन कम्युनियन घ्यावं. वर्षातून एकदाच! म्हणजे लोक अश्रद्ध होते का? तसं नाही. मिस्साला लोक यायचे. धर्मगुरूंनी भाकर उंच धरली की ती डोळे भरून पाहायचे. पण अपात्र असताना ती तोंडात घेणं हा अपराध, ही संत पौलाची ताकीद मनात पक्की होती. दूर राहण्यात भक्तीही होती आणि भीतीही.

आता सोळाव्या शतकातल्या जिनिव्हात येऊ. जॉन कॅल्विनने १५३६च्या आपल्या ग्रंथात लिहिलं की, प्रभुभोजन आठवड्यातून निदान एकदा व्हावं. १५३७ साली नगरपरिषदेपुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तडजोड म्हणून महिन्यातून एकदाचा प्रस्ताव ठेवला. परिषदेने ठरवलं वर्षातून चार वेळा. १५४१च्या चर्च-नियमांतही तेच राहिलं : नाताळ, ईस्टर, पेन्टेकॉस्ट आणि सप्टेंबरचा पहिला रविवार. कॅल्विनला हे शेवटपर्यंत खटकत राहिलं. आपली ही प्रथा सदोष आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली, पुढच्यांना ती सुधारणं सोपं जावं म्हणून.

मग 'चार' हा आकडा कमी की जास्त? कॅल्विनच्या इच्छेशी ताडला तर कमी, १२१५च्या किमान अटीशी ताडला तर चौपट. नुसता आकडा काहीच बोलत नाही.

त्याच्या शेजारी कन्सिस्टरीची दप्तरं ठेवली की तो बोलायला लागतो. कन्सिस्टरी म्हणजे पाळक आणि वडील मंडळींची समिती, दर गुरुवारी बसणारी. शेजाऱ्यांची भांडणं, नवरा-बायकोचे वाद तिच्यापुढे यायचे. समेट झाला नाही तर त्या माणसाला भोजनाच्या मेजापासून दूर ठेवलं जायचं. वर्षात चारच दिवस असल्यावर एक दिवस हुकणं ही साधी गोष्ट नव्हती. अडवण्याचा हा अधिकार परिषदेचा की कन्सिस्टरीचा, यावरून शहरात मोठा संघर्ष झाला आणि १५५५ साली कन्सिस्टरीची बाजू वरचढ ठरली. म्हणजे मेजावर कोण बसणार आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न 'किती वेळा' इतकाच कळीचा होता.

तेव्हा मित्रांनो, कुठल्याही धर्माचा विधी अभ्यासायला घेतलात तर वारंवारितेचा तक्ता जरूर करा, पण तिथे थांबू नका. तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. हा आकडा कशाच्या तुलनेत? तो कोणाला हवा होता? आणि त्या दिवशी दाराबाहेर कोण उभं होतं? तिसऱ्याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात क्वचितच मिळतं. ते तक्रारी आणि चौकशीच्या कागदांत शोधावं लागतं. वेळ लागतो, डोळे दुखतात, पण माणसं तिथेच भेटतात.